सचिवाचे काम

सोमेश्वरनगरच्या परिसरात दिवाळीची चाहूल पणत्यांच्या आधी साखर कारखान्याकडून लागते. बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, ऊसतोडणीच्या टोळ्या येऊन माळावर पाली ठोकतात, आणि पारावर, हॉटेलात, एस.टी.च्या थांब्यावर एकच विषय निघतो : मागल्या हंगामातील उसाचा शेवटचा हप्ता किती बसणार आणि कधी मिळणार. नीरेच्या डाव्या कालव्याने या कोरड्या मुलखाचे मळे केले. मळ्यांच्या उत्पन्नाचा हिशेब आज बँकेच्या खात्यात आणि खात्याची किल्ली प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये आहे.

दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत आमचे एक वृद्ध शेजारी (त्यांना आपण आबा म्हणू) सकाळीच ओट्यावर येऊन बसले. आदल्या दिवशी त्यांना एक फोन आला होता. बोलणारा मोठा अदबीचा. त्याला आबांचे संपूर्ण नाव ठाऊक, गाव ठाऊक, बँकेची शाखा ठाऊक, हप्ता नुकताच जमा झाला हेही ठाऊक. ‘तुमच्या मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा,’ असे तो म्हणाला. आबांनी वाचून दाखवले. संध्याकाळपर्यंत हप्ता नाहीसा झाला. आबांना पैशाचे दुःख होतेच. पण त्याहून अधिक त्यांना एक गोष्ट छळत होती. ते म्हणाले, “गुरुजी, त्याला समदं ठावं हुतं. मग मी त्याला परका कसा म्हणावा?”

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुढे विचार करता ध्यानात आले की, हा प्रश्न आबांचा एकट्याचा नाही. अडीचशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न पेशव्यांच्या दरबाराला पडला होता, आणि त्या प्रश्नापायी मराठी राज्यात एक लहानसे युद्धच झाले होते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाच्या वृत्तांतात, रणांगणावर सापडलेले प्रेत भाऊसाहेबांचेच आहे हे अंगावरील खुणांवरून व पाठीवरच्या जुन्या जखमेच्या वणावरून ओळखले, असे सांगितले आहे. परंतु पुण्यास ही ओळख अनेकांना पटली नाही. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य मानलेच नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या त्या सौभाग्यलेणी अंगावर ठेवूनच. जिथे मन विश्वास ठेवण्यास आतुर असते तिथे तोतयाला अर्धी वाट आयतीच मिळते. भाऊसाहेबांसारखा दिसणारा एक मनुष्य उत्तरेत उभा राहिला आणि ‘मीच तो’ म्हणू लागला. माधवरावांच्या कारकिर्दीत तो पकडला गेला, त्याची चौकशी झाली, तो बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण असल्याचे निष्पन्न झाले आणि त्याला किल्ल्यावर कैदेत टाकण्यात आले. प्रकरण येथे संपावयास हवे होते. पण १७७६ मध्ये, ज्याच्या ताब्यात तो होता त्या रत्नागिरीच्या सुभेदारानेच त्याला मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून उभे केले. हजारो लोक त्याच्या झेंड्याखाली गोळा झाले, कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, आंग्र्यांनी त्यास धरून दिले, आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यास त्याला देहान्त शिक्षा झाली.

या प्रकरणात दोन धडे आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. पहिला असा की, मनुष्याला काय ठाऊक आहे आणि तो कसा दिसतो या दोहोंवरून ओळख पटवावी तर फसगत संभवते. कारण ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला शिकता येते आणि रूप निसर्गच कधी कधी दोघांना देतो. दुसरा धडा अधिक कडू आहे. तोतयाचे सोंग चौकशीत एकदा उघडे पडले होते. ते पुन्हा उभे राहिले, ते त्याच्या चातुर्याने नव्हे, तर ज्याच्याकडे पहाऱ्याचे काम होते त्याच्या हातून. पहिल्या धड्यावर जगाने पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्यावर फार थोडा.

पहिल्या धड्याचे जुने उत्तर म्हणजे मुद्रा. रांझ्याच्या पाटलाविषयीचे शिवाजीमहाराजांचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. अशा पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तबाचा लहान शिक्का. मर्यादा येथे शोभते, अशा अर्थाचे शब्द त्या मोर्तबावर कोरलेले असत. म्हणजे याखाली कोणी एक ओळही वाढवू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज लग्न ठरण्यापासून निवडणुकीच्या तिकिटापर्यंत कशालाही वापरतो; त्याच्या पोटात हे दोन ठसे आहेत. सातारचे छत्रपती बदलले की पेशव्यांच्या मुद्रेवरील छत्रपतींचे नाव बदले आणि मुद्रा नव्याने कोरली जाई. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

मुद्रेत दोष दोन. एक, तिला हात ओळखता येत नाही. ज्याच्या हाती ती पडेल त्याची ती होते. दोन, ठसा कागदावर उमटतो, अक्षरांवर नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्याविषयी ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा महाराष्ट्रातील शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ‘धरावे’ असे लिहिलेले, त्याचे ‘मारावे’ झाले. ही कथा अक्षरशः खरी किंवा कसे, हा वाद इतिहासकारांवर सोपवू. पण लोकांनी ती इतकी वर्षे जिवापाड जपली यावरून त्यांना भय कशाचे वाटत होते ते दिसते. कागद तोच, हस्तक तेच, आणि एका अक्षराने माणूस मेला.

हे भय राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. राज्याभिषेकाच्या वेळचा म्हणून जो कानुजाबता प्रसिद्ध आहे, त्यात अष्टप्रधानांची कामे वाटून दिली आहेत. त्यात सचिवाकडे तलवारीखेरीज एक अगदी रुक्ष काम आहे : राजपत्रे तपासावी, कोठे अक्षर अधिक वा उणे झाले असेल ते शुद्ध करावे. लढाई जिंकणाऱ्याचे पोवाडे होतात. अधिक-उणे अक्षर पाहणाऱ्याचा पोवाडा कोणी रचल्याचे ऐकिवात नाही. पुढे हे सचिवपद ज्या घराण्यात स्थिरावले त्याची गादी भोरास होती, नीरेच्याच काठी. १९४८ मध्ये ते संस्थान विलीन झाले. आमच्या उसाला येणारे पाणी वरच्या अंगाला त्या सचिवांच्या मुलखातूनच येते, हा योगायोग मला नेहमी सुखावतो.

इंग्रजी अमलात मुद्रेची जागा अंगठ्याने घेतली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सहीऐवजी पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी उघडली आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांच्यासारख्या हिंदी अंमलदारांनी ठशांची वर्गवारी लावण्यात मोठा वाटा उचलला. खेड्यापाड्यांत सावकाराच्या खतावर आणि सोसायटीच्या वहीत निळ्या शाईचे अंगठे उमटू लागले. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी त्यांतूनच आली. आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देशातील पहिली आधार-पत्रे वाटली गेली, तेव्हा अंगठा साऱ्या देशाच्या दप्तरात गेला. अंगठ्याचा गुण असा की तो हरवत नाही. दोष असा की तो बदलताही येत नाही; त्याची नक्कल एकदा परक्याच्या हाती गेली की दुसरा अंगठा आणावयाचा कोठून?

राहता राहिला परवलीचा शब्द. छावणीच्या पहाऱ्यावर रोज नवी परवल ठरे व ती सांगेल त्याला वाट मिळे. गणकयंत्रांच्या जगात ही रीत १९६० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत आली. एका यंत्रावर अनेकांनी आळीपाळीने काम करावयाचे, म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड दिला. १९६२ मध्येच तेथील एका संशोधक विद्यार्थ्याला अधिक वेळ यंत्र वापरावयाचे होते. त्याने सर्वांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. जन्मापाठोपाठ झालेली ही चोरी पासवर्डाच्या जातकातच होती. कारण परवलीचा शब्द दोघांना ठाऊक असावा लागतो, सांगणाऱ्याला आणि पहारेकऱ्याला. आणि जे दोघांना ठाऊक ते तिसऱ्याला केव्हा कळेल याचा नेम नाही. आबांच्या फोनवर आलेले सहा आकडे म्हणजे हीच जुनी परवल, फक्त काही क्षणांपुरती. ती ज्याला ऐकवली तो पहारेकरी नव्हता, एवढेच.

यातून सुटण्याची वाट १९७६ मध्ये डिफी व हेलमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी प्रसिद्ध केली. तिचे मर्म व्यवहारातील दाखल्याने असे सांगता येईल. समजा, एक मुद्रा माझ्यापाशी आहे. तिचा ठसा खरा की खोटा हे पाहण्याचे साचे मी गावभर वाटून टाकले. साच्याने ठसा तपासता येतो, पण साच्यावरून मुद्रा घडवता येत नाही. म्हणजे पहारेकऱ्याला माझे गुपित ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. त्याचे सारे दप्तर चोरीस गेले तरी चोराच्या हाती साचेच लागतील. शिवाय हा ठसा कागदावर नव्हे, मजकुराच्या अक्षराअक्षरावर अवलंबून असतो. ‘ध’चा ‘मा’ झाला की ठसा जुळत नाही.

आज ज्याला ‘पासकी’ म्हणतात ती हीच मुद्रा होय. फोनच्या पोटात गुप्त किल्ली राहते, बँकेकडे जाहीर किल्ली. बँक दर वेळी एक नवा, कधीही न वापरलेला आकडा पाठवते. आबांनी फोनवर अंगठा ठेवला की फोन त्या आकड्यावर ठसा उमटवून परत पाठवतो. अंगठा कोठेही जात नाही. तो फक्त फोनमधील पेटी उघडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, ही मुद्रा ज्या संस्थेच्या पत्त्यासाठी घडवली त्याखेरीज दुसऱ्या पत्त्यावर ती चालतच नाही. बँकेसारखे हुबेहूब दिसणारे तोतये पान कोणी उभे केले, तर आबा फसतील, फोन फसणार नाही. कारण तो चेहरा पाहत नाही, पत्ता पाहतो. आणि फोनवर वाचून दाखवावे असे आबांपाशी काही उरतच नाही.

या कल्पनेला फायडो नावाच्या संघटनेने २०१३ पासून चालना दिली; ४ मार्च २०१९ रोजी तिला जागतिक जालाच्या मानकाचे रूप मिळाले; ५ मे २०२२ रोजी अॅपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट या तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन ती सर्वत्र चालवण्याचे जाहीर केले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे नियम काढून, दुहेरी पडताळणीचा दंडक कायम ठेवला आणि सहा आकड्यांच्या संदेशाखेरीज इतर साधनांची वाटही प्रशस्त केली. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरवले. पहिल्या धड्याचे उत्तर एवढे झाले.

आता दुसरा धडा. ठसा तपासावयाचा कोणी? आलेला आकडा आपणच पाठवलेला आहे ना, पत्ता आपलाच आहे ना, ठसा जुळतो ना, मालकाने खरोखर अंगठा ठेवला होता ना, अशा डझनभर गोष्टी क्रमाने पाहाव्या लागतात, आणि त्यांतील एक जरी राहिली तरी बाकीच्या व्यर्थ. प्रत्येक बँकेने, पतपेढीने, दुकानाने हे स्वतः लिहावयाचे म्हटले तर चुकांना अंत नाही. म्हणून काही प्रोग्रामर हे काम एकदाच, नीट लिहून काढतात आणि सर्वांना खुले ठेवतात. अशा आयत्या संचाला त्या धंद्यात ‘लायब्ररी’ म्हणतात, आणि ज्याचा मजकूर कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा त्याला ‘ओपन सोर्स’. पासकीसाठी अशा अनेक लायब्रऱ्या आहेत. २०२० च्या सुमारास सुरू झालेली ‘सिंपल-वेबऑथन’ ही त्यांतील एक.

कुलपाची रचना साऱ्या जगाला दाखवणे हे प्रथमदर्शनी वेडेपणाचे वाटते. परंतु १८८३ मध्येच ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने सैनिकी गुप्तलिपीवर लिहिताना सांगून ठेवले आहे की, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. रचना झाकून ठेवली की तिचे दोषही झाकले जातात, आणि झाकलेला दोष पहिल्याने चोरालाच सापडतो.

पण खुली असली म्हणून लायब्ररी एकदा लिहून संपत नाही. तिच्या सुधारणांची टिपणे वाचली तर कोणा बाहेरच्याला त्यांत रस वाटणार नाही : हे नाव बदलले, ते जुने काढले, अमुक तपासणी सैल केली, तमुक कडक केली. प्रत्येक ओळीमागे मात्र काही घडलेले असते. पूर्वी पासकी दर वेळी एक वाढता आकडा पाठवी आणि तो मागे गेला तर नक्कल झाली असा संशय घेत. पुढे एकाच माणसाच्या दोन-तीन उपकरणांवर तीच किल्ली राहू लागली, तेव्हा अनेक ठिकाणी तो आकडा शून्यावरच थांबला. तपासणीला ही नवी रीत शिकवावी लागली, नाहीतर खरा मालकच दाराबाहेर राहता. ‘सिंपल-वेबऑथन’च्या २०२४ मधील दहाव्या आवृत्तीत, वापरणाऱ्याचे अंतर्गत ओळखचिन्ह लायब्ररी आपणहून यदृच्छेने तयार करू लागली. कारण उघड आहे; लोक त्या जागी सोयीखातर नाव किंवा ई-मेलचा पत्ता घालीत, आणि ज्याने कोणाची ओळख बाहेर फुटू नये तेच चिन्ह ओळख सांगत फिरे. १३ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या मानकसंस्थेने भावी क्वांटम यंत्रांपुढेही टिकतील अशा नव्या सह्यांची मानके प्रसिद्ध केली. म्हणजे या मुद्राही कधीतरी नव्याने कोराव्या लागणार. छत्रपती बदलले की मुद्रा बदले, ते याहून वेगळे काय होते? हे अधिक-उणे अक्षर पाहणे आहे. हे सचिवाचे काम आहे.

आणि सचिवाच्या आसनावरच तोतया येऊन बसला तर? ही केवळ कल्पना नाही. ‘एक्सझेड’ नावाची एक लहानशी, जगभरच्या यंत्रांत वापरली जाणारी ओपन सोर्स लायब्ररी एक थकलेला मनुष्य जवळजवळ एकट्याने सांभाळीत होता. तेथे एका टोपणनावाचा साहाय्यक आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने निमूटपणे उपयोगी काम केले, विश्वास मिळवला, सहव्यवस्थापक झाला, आणि मग २०२४ च्या आरंभी नव्या आवृत्तीत त्याने एक चोरवाट बसवली. असंख्य यंत्रांचे दार तिने उघडले असते. हे कळले ते कोणा पहारेकऱ्याच्या दक्षतेने नव्हे. यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे एका अभियंत्याला खटकले. तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सर्व उघड केले. मजकूर खुला होता म्हणून त्याला खोदता आले, हे खरेच. पण खुल्या मजकुराकडे पाहणारे डोळे मात्र तोवर जवळजवळ एका थकलेल्या माणसाचेच होते, हेही तितकेच खरे. रत्नागिरीस तोतया सुटला तो कुलूप कच्चे होते म्हणून नव्हे.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच निघते. ओळखीची खूण दर शतकात अधिक चांगली होत आली. वण, मुद्रा, अंगठा, परवल, आणि आता पासकी. तिने पहिला तोतया बव्हंशी हरवला आहे. बव्हंशी म्हणण्याचे कारण, फोन हरवल्यावर पुन्हा ओळख पटवताना बहुतेक ठिकाणी जुन्याच परवलीकडे वळावे लागते, आणि आबांनी आपल्या हातानेच परक्याला पैसे पाठवले तर कोणतीही मुद्रा त्यांना अडवणार नाही. दुसरा तोतया मात्र खुणेने हरत नाही. त्याला रोजची, कंटाळवाणी, नावलौकिकाविना होणारी तपासणीच थोपवते. ती करणाऱ्यांतील पुष्कळजण आज ते काम नोकरी सांभाळून, रात्री, फुकट करतात, आणि त्यावर पैसा मिळवणाऱ्या संस्थांना त्यांची आठवण होते ती काही बिघडल्यावर. सहकाराच्या जोरावर कारखाने उभारलेल्या आमच्या भागाला हे नवे नाही. सभासदांनी सभेला जाणे सोडले, अहवाल वाचणे सोडले की काय होते, हे महाराष्ट्राने अनेक ठिकाणी पाहिले आहे. सर्वांचे म्हणजे कोणाचेच नाही, असे होऊ द्यावयाचे नसेल तर वही कोणीतरी वाचलीच पाहिजे.

यंदा आबांच्या नातवाने त्यांच्या ई-मेलच्या खात्याला पासकी बसवून दिली. आबांनी फोनवर अंगठा टेकवला, दार उघडले. आयुष्यभर सोसायटीच्या वहीत अंगठा उठवताना त्यांना लाज वाटे. त्या दिवशी वाटली नाही. मी त्यांना मुद्रा आणि साच्यांचा सारा प्रकार समजावून सांगितला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “ते झालं गुरुजी. पर ठसा बरोबर हाय का न्हाय, हे बघणारा कोण?”

कानुजाबता लिहिणाऱ्यालाही हाच प्रश्न पडला असावा.